अठरा हजार नऊशे ऐंशी आणि एक

शेमुकूल हे गाव अख्ख्या डोंगरमुलखाच्या एक दिवस मागे होतं, आणि गावाला त्याचा कोण अभिमान!

चारी बाजूंच्या गावांतले दिवस मोजणारे म्हातारे ज्या सकाळी ‘आठ सूत’ म्हणून उगवतीला हात जोडत, त्याच सकाळी शेमुकूलचा तात बाल्तासार ‘सात कुत्रा’ म्हणून धूप जाळायचा. दुसऱ्या दिवशी बाकीची गावं पुढे सरकलेली असत आणि हा सावकाश ‘आठ सूत’ म्हणायचा. बाजारात कुणी टोकलंच, तर शेमुकूलच्या बायका डोक्यावरची टोपली सावरत म्हणायच्या, “तुम्हा लोकांना घाईच फार. मका कच्चा खाता, पोरी कच्च्या उजवता, दिवससुद्धा पिकू देत नाही.” या वादापायी दोनदा डोकी फुटली होती, आणि शेजारच्या चुआलेमा गावचा एक जावई सासरच्या पूजेला आदल्या दिवशी हजर झाला म्हणून त्याला उपाशी परत धाडला होता.

गावाची खात्री होती. बाल्तासारने मोजणी घेतली तात रेमिहियोकडून, रेमिहियोने आपल्या आज्याकडून, आणि ती माळ म्हणे सूर्य कोरा करकरीत होता तेव्हापासून तुटलेली नाही. रोज पहाटे एक दिवस पुढे. दिवस म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातला चौकोन नव्हे. दिवस हा देव. पाठीवर ओझं घेऊन येतो, त्याला नावाने हाक मारून घरात घ्यावं लागतं. भलत्या नावाने हाक मारली तर दारात आलेल्या व्याह्याला त्याच्या वैऱ्याच्या नावाने ‘या’ म्हटल्यासारखं होतं.

तर अशी सगळ्या गावाची खात्री होती. खात्री नव्हती ती फक्त एकाची. तात बाल्तासारची.

त्यात आता तो मोठा आकडा दारात येऊन उभा राहिला.

बावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारचा बाजार भरलेला, लेकराबाळांसकट गाव देवळापुढच्या पटांगणात मिरचीच्या भावावरून भांडतंय, आणि पश्चिमेचा डोंगर अंग झाडावं तसा खाली आला. साठ घरं गाडली गेली. मेलं कोण, तर एक बहिरा कोंबडा. बाकी सगळे बाजारात! वर, दरड फुटली तिथे मांडीएवढ्या धारेचा झरा लागला. तेव्हापासून गाव त्याच पाण्यावर. त्या दिवसाचं नाव ‘सहा जाळं’. तात रेमिहियोने चिखलात गुडघे टेकून डोंगराला शब्द दिला : “हेच नाव आणि सूर्याच्या फेऱ्यातली हीच जागा, दोन्ही ज्या दिवशी परत जुळतील, त्या दिवशी अख्खं गाव तुझ्या पायाशी येईल. एक दिवस अलीकडं नाही, एक दिवस पलीकडं नाही. चुकलो तर तुझं पाणी तू परत घे.”

हे जुळणं कसं, तर दोन जावांसारखं. एक जाऊ दर दोनशे साठ दिवसांनी घरी येते. तो दिवसांच्या नावांचा फेरा : वीस नावं, आणि प्रत्येकापुढे एक ते तेरातला आकडा. दुसरी दर तीनशे पासष्ट दिवसांनी, तो सूर्याचा. आज दोघी एका उंबऱ्यात भेटल्या, तर परत कधी भेटतील? अडाणी माणूस दोन आकड्यांचा गुणाकार करतो आणि चौऱ्याण्णव हजार नऊशे सांगून मोकळा होतो. पण पाच हा आकडा दोघींच्या पोटात आहे. त्या पाचामुळे भेट पाचपट लवकर होते : अठरा हजार नऊशे ऐंशी दिवसांनी. शेमुकूलच्या मोजणीत, जिथे वीस विसांचे चारशे आणि वीस चारशेंचं आठ हजारांचं पोतं, तिथे हा आकडा म्हणजे दोन पोती, सात चारशे आणि नऊ विसा. वर सुटा दाणा एकही नाही.

बाल्तासार तेव्हा सोळा वर्षांचा चेला होता. बाकीची पोरं पोरींच्या प्रेमात पडली, हा त्या आकड्याच्या पडला. चालता-बोलता त्याला भागायचा. तेराने भागून बघ, त्र्याहत्तरने भागून बघ, बावन्नने भागून बघ. त्याची बायको मरताना म्हणाली होती, “आता घरात तुम्ही दोघंच. सांभाळून राहा.”

तो दिवस यायला चार दिवस उरले, तेव्हा रविवारच्या भर बाजारात देवळाच्या पायरीवर उभं राहून अडुसष्ट वर्षांच्या बाल्तासारने पुकारा केला : “येत्या गुरुवारी सहा जाळं! ज्याला पाय आहेत त्यानं चालत यायचं, नसतील त्याला उचलून आणायचं!”

“बुधवारी म्हणायचं होतं ना, तात?” मडक्यांच्या राशीतून आवाज आला. “जीभ घसरली वाटतं.”

हा बेन्तुरा, चुआलेमाचा कुंभार. दर रविवारी तीन कोस मडकी वाहून आणायचा, आणि त्याहून जड अशी आपल्या गावाची मोजणी.

“माझी जीभ जागेवर आहे, बेन्तुरा. तू तुझी मडकी बघ.”

“माझी मडकी गळत नाहीत, तात. तुमची मोजणी गळते. एकोणीस वर्षं थेंब थेंब.”

बाजार हसला. शेमुकूलवालेसुद्धा हसले, मग आपण कुठल्या गावचे ते आठवून गप्प झाले. बाल्तासारची कानशिलं तापली. आपलं खोटं माणूस जेवढं आतून ओळखून असतो तेवढा वरून ओरडतो.

“मका आणा!” तो गरजला. “कासिमिरो, तुझ्या कणगीतला मका आण. चटया पसरा. आज या कुंभाराला दाखवतो मोजणी कशाला म्हणतात!”

तात कासिमिरो हा गावच्या मंडळाचा म्होरक्या. त्याने दोन पोती आणून ओतली. चाळीस बाया चटयांवर बसल्या. वीस दाण्यांची ढिगली, वीस ढिगल्यांची ओळ. सत्तेचाळीस ओळी भरल्या, वर नऊ ढिगल्या ठेवल्या, झाले अठरा हजार नऊशे ऐंशी. कोंबड्या हाकलायला प्रत्येक चटईला एक म्हातारा नेमला. उरलेला मका टोपलीत भरून बाल्तासारच्या पायाशी ठेवला.

“आता मोडा, आणि तेरा-तेराच्या करा!”

केल्या. एक हजार चारशे साठ ढिगल्या झाल्या, आणि शेवटच्या बाईची मूठ रिकामी.

“बघ!” बाल्तासारला आता वारं चढलं. “विसांना वाढलं, काही उरलं नाही. तेरांना वाढलं, काही उरलं नाही. त्र्याहत्तरांना वाढ, दोनशे साठांना वाढ, तीनशे पासष्टांना वाढ. पंगत उठली की पातेलं लख्ख! कुणाला उपाशी ठेवत नाही, कुणाचं उष्टं मागं ठेवत नाही, असा आकडा आहे हा!”

“देखणा आहे, नाही कोण म्हणतंय?” बेन्तुरा म्हणाला. “पण तो गुरुवारीच येतो, हे कुठं सांगतो?”

“सातांना वाढा.”

हे बोलली नान पेत्रोना. थोरल्या पुरुषाला तात, तशी थोरल्या बाईला नान. तात रेमिहियोची थोरली लेक, बहात्तर वर्षांची. मका भिजवायचा चुना विकायची. एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात अख्खा बाजार.

“सात?” बाल्तासार म्हणाला. “सात आपला नाही, नान. पाद्र्याचा आकडा आहे तो.”

“आणि बाजाराचा. डोंगर आला तेव्हा बाजार होता का नव्हता?”

“होता!” सगळे म्हणाले. हे तर शेमुकूलच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. बाजार होता म्हणून तर गाव जिवंत.

“म्हणजे रविवार. मग सात-सात दाणे काढा. एक ढिगली, एक आठवडा. शेवटी जेवढे उरतील तेवढे दिवस रविवारच्या पुढं मोजायचे. त्यात काय मोठं?”

बावन्न वर्षं बाल्तासारने त्या आकड्याला नाही नाही त्याच्या पंगतीला बसवलं होतं. सातांच्या पंगतीला एकदाही नाही. का नाही, ते त्याचं त्याला ठाऊक होतं. ज्या घरात आपलं पितळ उघडं पडेल त्या घरावरून माणूस जात नाही.

बाया भराभर सात-सात करत गेल्या. ज्याच्या त्याच्या चटईवर उरलेले दाणे शेवटी बाल्तासारपुढे आणून ठेवले. त्याने ते सात-सात केले. एक ढिगली. दुसरी. तिसरी. पुढे उरले तीन.

तीन. सोम, मंगळ, बुध.

वरून चाळीस बाया वाकून बघतायत, मागून बेन्तुरा मान लांब करतोय, पायाशी टोपली. तेव्हा हात जो गेला तो बाल्तासारचा नव्हताच म्हणा. तो अडुसष्ट वर्षांच्या अब्रूचा हात होता. टोपलीच्या काठावरून एक दाणा बोटाखाली आला आणि तिघांशेजारी जाऊन निमूट बसला.

“चार!” कासिमिरो ओरडला. “सोम, मंगळ, बुध, गुरू! वाजवा रे!”

ढोल वाजला. बेन्तुराने चार दाणे उलटसुलट करून पाहिले, तोंडात मारल्यासारखा उभा राहिला आणि मडकी बांधायला लागला. जाताना म्हणाला, “मग आमचं गाव चुकलं असेल, तात. विचारतो म्हाताऱ्यांना.” हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की त्याने शिवी दिली असती तर बाल्तासारला बरं वाटलं असतं.

“मका मी नेते,” पेत्रोना म्हणाली. “गुरुवारच्या पेजेला भिजत घालायचाय.” तिने सगळ्या ढिगल्या पोत्यांत भरल्या. ते चार दाणे मात्र तिने एकेक करून हाताने वेचले आणि त्याच पोत्यात टाकले.

सोमवारी सकाळी ती काठी टेकत बाल्तासारच्या अंगणात आली. मक्याच्या पानात बांधलेला एक उंडा त्याच्या पुढ्यात ठेवला.

“खा.”

त्याने पान सोडलं. उंडा नव्हताच. पानात पान, त्यात पान, आणि मधोमध मक्याचा एक कच्चा दाणा.

“भिजत घालायच्या आधी मी आणि माझ्या तिन्ही सुनांनी परत मोजला,” पेत्रोना बसत म्हणाली. “विसांनी मोजला, एक उरला. तेरांनी मोजला, एक उरला. थोरली म्हणाली, त्र्याहत्तरांनी बघू. पाठ मोडली, पण बघितलं. एक उरला.”

“कोंबडीनं काही गडबड...”

“कोंबडी दाणा खाते, बाल्तासार. घालत नाही.”

त्याची मान खाली गेली.

“तुझा तो देखणा आकडा,” ती म्हणाली. “कुणाचं उष्टं मागं न ठेवणारा. तू एक दाणा टाकलास, तर कुठल्याही पंगतीत बसवा, तो एकटाच तोंड वर करून उरतोय. कुठला दिवस आहे रे हा?”

मग त्याने सांगितलं. एकोणीस वर्षं जे स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं ते.

चुआलेमाची जत्रा होती. बेन्तुराच्याच घरी पाहुणा म्हणून गेला. मक्याची दारू कडक होती आणि आग्रह तिच्याहून कडक. त्या दिवसाचं नाव ‘पाखरू’. बरळायला लागला तेव्हा त्यांनी त्याला परसातल्या वाफारा घ्यायच्या खोपटीत निजवला. मातीची बुटकी खोपटी, खिडकी नाही, एवढंसं दार, तेही घोंगडीने झाकलेलं. आत दिवस काय नि रात्र काय. डोळे उघडले, रांगत बाहेर आला तर पहाट फुटत होती. त्याने हात जोडले आणि पाखराच्या पुढच्या दिवसाला नावाने हाक मारली : ‘माफी’. पितरांची माफी मागायचा तो दिवस. घरी आला, वाटेत भेटलेल्या तिघांना दिवस सांगितला, एका बाळंतिणीच्या घरी जाऊन पोरीचा दिवस मोजून दिला.

चौथ्या दिवशी पटांगणात आला तर बाजार भरलेला. तो ओरडला, “उद्याचा बाजार आज कसा मांडलात गं?” बाया खदखदून हसल्या. त्यांना वाटलं, तात चेष्टा करतोय. तोही हसला.

“त्या हसण्यात कळलं मला, नान. खोपटीत मी एक नाही, दोन रात्री काढल्या होत्या. माफीचा दिवस झोपेत गेला आणि मी उठलो तो ‘अकल’ नावाच्या दिवशी. तेव्हाच एक दिवस उडी मारून पुढं गेलो असतो, तर चार लोक हसले असते. पण पोरीचा दिवस सांगून बसलो होतो. म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या. त्या उद्याला एकोणीस वर्षं झाली.”

पेत्रोनाने चुन्याने फाटलेली आपली बोटं त्याच्यापुढे धरली.

“मोजणी मी मागितली होती बापाकडं,” ती म्हणाली. “तो म्हणाला, तुझी जीभ पक्की आहे, बाल्तासारची आठवण पक्की आहे. मी चुना विकत बसले.” ती उठली. “डोंगर बुधवारी वाट बघणार. तू गाव गुरुवारी नेणार. पाणी गेलं तर चुना कशात कालवू तेवढं सांगून ठेव.”

दाणा तिथेच ठेवून ती गेली. बाल्तासारला वाटलं, तिने काठीने चार तडाखे दिले असते तर आपण तिचे पाय धरले असते. पण तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

मंगळवारी सकाळी तो मंडळाच्या घरी गेला. कासिमिरो आणि दहा-बारा म्हातारे गुरुवारची फुलं बांधत बसले होते. दारात बाल्तासारची नात इलारिया आपल्या पिकअपमधून मेणबत्त्यांची खोकी उतरवत होती. टोपी उतरवून बाल्तासार म्हणाला, “माझी मोजणी एक दिवस मागं आहे. दारू पिऊन एक दिवस झोपेत घालवला. रविवारी उरले होते तीनच दाणे, चौथा मी टाकला. सहा जाळं उद्या आहे.”

कासिमिरो म्हणाला, “तुला ताप आहे.”

“ताप नाही.”

“असणार. अरे, तुझं चुकलं म्हणजे आमचं चुकलं! मी त्या चुआलेमाच्या जावयाला उपाशी घालवलाय.”

“माझे दोन दात गेलेत यावरून,” दुसरा म्हणाला. “ते काय आता चुआलेमाहून परत आणू?”

“कासिमिरो, पाण्याचा प्रश्न आहे.”

“गुरुवारी म्हणजे गुरुवारी! पुकारा झालाय, ढोल झालाय, आणि त्या कुंभाराला त्याच्या तोंडावर आमंत्रण गेलंय. जा, निजून राहा. तुला निजायची सवय आहे म्हणतोस ना?”

म्हाताऱ्यांनी फुलांत माना घातल्या. कबुली द्यायला गेलेल्या माणसाची कबुलीच कुणी घेतली नाही. असा लाजिरवाणा परतीचा रस्ता बाल्तासारने आयुष्यात चालला नव्हता.

दारात इलारिया उभी होती. अठरा वर्षांची. तिचा दिवस त्यानेच मोजून सांगितला होता : ‘सूत’. सुताच्या दिवसाची पोर, विणण्यात नाव काढेल. म्हणून पाचव्या वर्षापासून तिला मागावर बसवली. तिने धागे तोडले, माग तोडला, आईचं डोकं फोडायची वेळ आली, आणि सोळाव्या वर्षी घर सोडून मामाच्या पिकअपवर गेली. ‘दिवसाला दगा देणारी’ असं गाव तिला म्हणायचं. त्यात आजोबाही असायचा.

“सुताच्या पुढचा दिवस कुठला, आबा?” तिने विचारलं.

“वाट,” बाल्तासार म्हणाला. “तू वाटेच्या दिवसाची आहेस, पोरी. चालायला जन्मलीस. मी तुला...”

इलारियाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. हसली नाही, रडली नाही. “अकरा वर्षं बसले मी त्या मागावर,” एवढंच म्हणाली आणि गाडी सुरू केली. तिचा धुरळा बसेपर्यंत तो टोपी हातात धरून उभा होता.

बुधवारी उजाडताच बाल्तासार एकटाच डोंगर चढला. गावाच्या वाटचा धूप पोत्यात, कमरेला दिवस बघायच्या पांगाऱ्याच्या लाल बियांची पिशवी, त्यातच तो एक दाणा. एकट्याने गेल्याने शब्द पुरा होत नाही, हे त्याला कळत होतं. पण निदान डोंगराला सांगता आलं असतं की चूक कुणाची.

वळणावर खसफस झाली. झुडपामागे कासिमिरो.

“मी लाकडांना आलोय,” कासिमिरो घाईने म्हणाला.

“लाकडांना? आणि हातात फुलं?”

“ती... वाटेत लागली अंगाला.”

थोडं वर गेल्यावर दात गेलेला म्हातारा भेटला. त्याची शेळी हरवली होती. त्याच्याकडे शेळी कधीच नव्हती. त्याच्यामागे त्याच्या तिन्ही सुना, मेणबत्त्या झग्यात लपवून. पुढे तर वाटेवर दाटीच झाली. कुणी औषधी पाला शोधत होतं, कुणी हवा खायला आलं होतं, एक जण म्हणे झोपेत चालत आला होता. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. अख्खं गाव एकमेकांपासून लपत एकाच पायवाटेने झऱ्यावर पोहोचलं. तिथे पेत्रोना आधीच बसलेली. आणि चालता न येणाऱ्या सात म्हाताऱ्यांना मागे घालून, जिथे गाढवही कचरतं तिथे इलारियाने पिकअप चढवलेली.

ढोल नव्हता, पुकारा नव्हता. बाल्तासारने धूप पेटवला आणि ओल्या मातीत कपाळ टेकलं. आधी त्याने हाक मारली ती ‘माफी’ला. एकोणीस वर्षांपूर्वी ओझं घेऊन दाराशी आलेला आणि कुणी हाक न मारल्यामुळे तसाच उभा राहिलेला तो देव. त्याला काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. पाठ हलताना तेवढी दिसली. मग सरळ होऊन त्याने ‘सहा जाळं’ला हाक मारली, आणि गाव दबक्या आवाजात त्याच्यामागून बोललं. झरा होता तसाच वाहत राहिला.

उतरताना कासिमिरो कुजबुजला, “झालं ना डोंगराचं? मग उद्या गुपचूप गुरुवार करायचा. चुआलेमाला कळता कामा नये.”

गुरुवारी गाव परत वाजतगाजत चढलं. आदल्या दिवशीच्या मेणबत्त्यांचं मेण पेत्रोनाच्या सुनांनी खरवडून ठेवलं होतं. बेन्तुरा आपल्या गावचे चार म्हातारे घेऊन आला होता. नवं मडकं भेट आणलेलं. “आमच्या म्हाताऱ्यांनी बोटं मोडून मोडून मोजलं, तात,” तो म्हणाला. “आमची चूक सापडत नाही. पण चार दाणे मी डोळ्यांनी बघितलेत. म्हटलं, चला, माणसानं मान तुकवावी.”

रीत अशी, की मोजणाऱ्याने झऱ्यापुढे उभं राहून दिवसाचं नाव तीनदा पुकारायचं. ढोल थांबला. कासिमिरोने मागून बाल्तासारच्या पाठीला बोट लावलं. सांगायचं होतं ‘सहा जाळं’. सोपं होतं. गाव सामील होतं, डोंगराचं देणं फिटलं होतं, आणि बेन्तुरा स्वतः मान तुकवून उभा होता.

त्या तुकवलेल्या मानेकडे बाल्तासारला बघवेना.

“सात साप!” तो ओरडला. “सात साप! सात साप!”

‘सात साप’ म्हणजे ‘सहा जाळं’चा दुसरा दिवस. बेन्तुराची मान वर आली. गावाची खाली गेली.

“सहा जाळं काल झालं, बेन्तुरा. तुमची मोजणी खरी. दाणे तीनच होते, चौथा मी टाकला. तुझ्याच परसातल्या खोपटीत मी दोन रात्री झोपलो, आणि एक मोजली.”

कासिमिरो मोठा तयारीचा गडी. एक क्षणही न दवडता पुढे झाला, “बरोबर! म्हणून तर आम्ही कालच येऊन गेलो! आज फक्त पाहुण्यांसाठी!” आणि ढोलवाल्याला खूण केली. पण ढोलवाल्याने काठी उचलली नाही. तोही बेन्तुराकडे बघत होता. आता कुंभार हसणार आणि ते हसणं सात पिढ्या ऐकू येणार.

बेन्तुरा हसला नाही. त्याचा चेहरा मडक्यासारखा लाल झाला.

“दोन रात्री,” तो पुटपुटला. “तात, दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, पाहुणा उठत नाही, मेला वाटतं. जत्रेत पाहुणा मेला म्हणजे खापर आमच्यावर. आम्ही... आम्ही घोंगडीवर बाहेरून चटई बांधली आणि शेजाऱ्याकडं जेवायला गेलो. म्हटलं, गर्दी ओसरली की बघू. तिसऱ्या दिवशी पहाटे चटई सोडली, तर तुम्ही रांगत बाहेर आलात आणि हात जोडलेत. मी काहीच बोललो नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?” त्याने हातातलं मडकं उगाचच पुसलं. “एकोणीस वर्षं तुम्हाला चिडवत आलो. गप्प राहिलो असतो तर तेच आठवत राहिलं असतं. रविवारी चार दाणे बघितले तेव्हा वाटलं, सुटलो, त्या खोपटीनं काही बिघडलं नव्हतं.”

दोघे म्हातारे एकमेकांपुढे उभे होते, आणि दोघांनाही पायाखालच्या चिखलाखेरीज बघायला जागा नव्हती. शेवटी पेत्रोनाने डावाने पातेल्याच्या काठावर टोला दिला.

“पेज निवतेय,” ती म्हणाली. “लाज घरी जाऊन वाटून घ्या.”

त्या गुरुवारपासून शेमुकूल बाकीच्या मुलखाबरोबर आलं. बायकांना काही दिवस चुकल्या-चुकल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांत जन्मलेल्या दोनशे अकरा जणांचा दिवस बाल्तासारने घरोघरी जाऊन, टोपी काढून, परत सांगितला. कुणी पाणी विचारलं, कुणी दार लावून घेतलं. जिथे रस्ता लांब होता तिथे इलारिया त्याला गाडीतून सोडायची, पण वाटेत त्याच्याशी बोलायची नाही. पन्नासाव्या का साठाव्या घरी एकदा तिने विचारलं, “आज कुठला दिवस, आबा?” त्याने सांगितला. तिने घरमालकालाही तेच विचारून खात्री करून घेतली, आणि मगच गाडी वळवली.

अजूनही तो लोकांचे दिवस बघायला लाल बिया मांडतो. पिशवी उपडी करतो, चार-चार करून मोजतो, आणि शेवटी लाल बियांत मक्याचा एक पांढरा दाणा उरतो. नवखं माणूस विचारतं, तात, हा कशाचा?

“तो मोजायचा नाही,” बाल्तासार म्हणतो, आणि तो आधी पिशवीत टाकतो.